प्रेमकादंबऱ्यांचं कपाट: कामाच्या नोंदी

पुण्यात कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये एक लोखंडी कपाट रिकामं पडून होतं. त्यात फक्त प्रेमकादंबऱ्या ठेवायच्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि ज्याला हवी त्याने घरी न्यायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. सेक्रेटरी "करा, पण मेंटेनन्समधून पैसे मागू नका" एवढंच म्हणाले. मला या कादंबऱ्यांचा नाद लागला तो अलीकडेच, पण चांगलाच लागला आहे. आणखी कुणी असं कपाट उभं करत असेल तर त्याला या नोंदी उपयोगी पडाव्यात.

१ जून, रविवार. माल

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पाऊस यंदा मे संपायच्या आतच आल्यामुळे निम्मे विक्रेते ताडपत्र्या ताणण्यात गुंतले होते. भाव करायला हा मुहूर्त उत्तम, कारण त्यांना ओझं परत न्यायचं नसतं. मराठी कादंबरी वीस ते चाळीस रुपयांत मिळाली, गठ्ठा घेतल्यावर आणखी कमी. उरलेला माल अप्पा बळवंत चौकाच्या आसपास उचलला. तिथे भाव चढा, पण पुस्तकं कोरडी. रद्दीवाल्याकडे सगळ्यात स्वस्त, फक्त तो निवडू देत नाही. अख्खं पोतं घ्यायचं आणि त्यातली दहावीची गाइडं आपणच परत विकायची.

मराठी माल बहुतेक बंद पडलेल्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांमधला. आत जांभळे शिक्के, मागे तारखांचा चिकटवलेला कागद, आणि कुठल्या तरी वाचकाने पेन्सिलीने लिहिलेलं "रडायला येतं, रात्री वाचू नये". इंग्रजी मालात मिल्स अँड बून उदंड. ही कंपनी लंडनमध्ये १९०८ साली निघाली, १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विनने ती घेतली. त्यांच्या मालिकांची पुस्तकं जवळपास एकाच मापाची, दोनशेच्या आतबाहेर पानांची, त्यामुळे कपाटाच्या एका कप्प्यात किती बसतील याचा हिशोब आधीच करता येतो. मराठीत हा लाड नाही. डेमी, क्राऊन आणि मधलंच काहीतरी, सगळं शेजारी शेजारी.

घेताना एक गोष्ट तपासा: पानाचा कोपरा हळूच दुमडून परत सरळ करा. तुटून हातात आला तर ते पुस्तक कपाटात टिकणार नाही. जुन्या स्वस्त कागदात लाकडाचा लगदा असायचा, तो पिवळा पडतो आणि मग पापडासारखा मोडतो. कितीही आवडलं तरी असलं पुस्तक स्वतःपुरतं घ्यावं.

७ जून. कसर

आणलेल्या गठ्ठ्यात कसर निघाली. रुपेरी, झरकन पळणारी. तिला कागदापेक्षा बांधणीतली खळ प्रिय, म्हणून पुस्तक वरून धडधाकट दिसतं आणि पाठ आतून पोखरलेली असते.

घरात सल्ले आले: डांबराच्या गोळ्या, कडुलिंबाचा पाला, कडक ऊन. पावसाळ्यात ऊन कुठलं, आणि असतं तरी थेट उन्हात जुना कागद आणखी कडकतो. डांबराच्या गोळ्यांचा वास पुस्तकात असा मुरतो की नंतर वाचणाऱ्याचं डोकं दुखतं. शेवटी डीप फ्रीझरचा मार्ग धरला. पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायची आणि उणे अठराच्या खाली दोन आठवडे ठेवायची. घरच्या एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात हे होत नाही, तिथे तेवढी थंडी धरत नाही. ओळखीच्या एका केटररने त्याच्या डीप फ्रीझरचा कोपरा दिला. मटारच्या पिशव्यांखाली प्रेमकादंबऱ्या.

बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पुस्तक खोलीइतकं गरम होईपर्यंत बंदच ठेवायची, नाहीतर बाहेरच्या दमट हवेचं पाणी पानांवर जमतं. एक पिशवी घाईने फोडली गेली आणि त्यातली दोन पुस्तकं फुगली.

१४ जून. खळ आणि मोरचूद

बुधवार पेठेतल्या एका जुन्या बाइंडरकाकांकडे बसून काम बघितलं. फोटो काढू देत नाहीत, पण प्रश्न विचारू देतात. एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची. कसर लागू नये म्हणून काका त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात.

मोरचुदाचा प्रयोग एका टाकाऊ पुस्तकावर केला. खळ निळसर झाली आणि अस्तराच्या कागदावर फिकट हिरवी झाक आली. तांब्याचे क्षार कागदाला दीर्घकाळ चांगले नसतात, म्हणून मी सोडून दिलं. पुस्तक फ्रीझरमधून गेलेलं असेल आणि कपाट कोरडं असेल तर साधी खळ पुरते. काकांचं मत वेगळं: "तुम्हाला पुस्तक किती वर्षं ठेवायचंय, शंभर? मला पुढची दिवाळी पाहायचीय." तुम्ही मोरचूद वापरणारच असाल तर भांडं वेगळं ठेवा, ते विष आहे.

लायब्ररीच्या जुन्या प्रतींचा मोठा त्रास म्हणजे त्यांची शिलाई. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, नीट जुजबंदीने (घडीतून दोरा घालून) शिवण्याऐवजी कडेपासून बोटभर आत दाभणाने आरपार भोकं पाडून दोरा ओढलेला. मजबूत इतकी की पुस्तक फेकून मारलं तरी सुटणार नाही, पण उघडतच नाही. आतल्या समासातले शब्द शिलाई गिळते. एका कादंबरीत नायक पहिल्यांदा मनातलं बोलतो ते वाक्य मला "मी तुझ्याव" एवढंच दिसत होतं. तो दोरा कापायचा मोह होतो. कापू नका. कापला की सगळी पानं सुटी होतात आणि फर्मे पुन्हा शिवण्याइतकी घडी शिल्लक राहिलेली नसते. अशी पुस्तकं आहेत तशीच ठेवली.

२२ जून. सुटलेली पानं

इंग्रजी पेपरबॅकचं दुखणं उलटं. पाठीचा गोंद वाळून कडक होतो आणि वाचता वाचता पान हातात येतं.

कव्हर सोडवायचं, पाठीवरचा जुना गोंद खरवडायचा, पानं ठोकून समपातळीत आणायची आणि दोन फळ्यांच्या मध्ये आवळायची. मग पानांचा गठ्ठा एका बाजूला पंख्यासारखा कलवायचा, म्हणजे प्रत्येक पानाची केसभर कड उघडी पडते. तिच्यावर ब्रशने गोंद. मग दुसऱ्या बाजूला कलवून पुन्हा. वर मलमलची पट्टी आणि रात्रभर वजनाखाली. नुसत्या सुतारी फेविकॉलने केलेलं पहिलं पुस्तक उघडताना टणकन तडकलं. फेविकॉलमध्ये थोडी खळ मिसळल्यावर पाठ लवचिक राहिली आणि वाळायला वेळ लागल्यामुळे पानं सरळ करायलाही सवड मिळाली.

फाटक्या पानांवर सेलोटेप लावू नका हे सगळे सांगतात, कारण मात्र सांगत नाहीत: आधीच्या वाचकांनी लावलेली टेप वाळून गळून पडली आहे आणि तिचा तपकिरी डिंक अक्षरांत उतरला आहे. तो निघत नाही. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून पातळ कागद आणला, त्याच्या पट्ट्या हाताने फाडून (कापून नाही, फाडलेल्या कडेचे तंतू चांगले बसतात) खळीने लावल्या. अक्षरं खालून दिसतात.

नवीन पुठ्ठे घातलेल्या काही पुस्तकांना बाक आला. कागदाला आणि पुठ्ठ्याला दिशा असते, ती पाठीला समांतर हवी. ओळखायचं कसं, तर तुकडा दोन्ही बाजूंनी फाडून बघायचा. ज्या बाजूने सरळ फाटतो ती त्याची दिशा. बाक आलेले पुठ्ठे परत काढण्यात अख्खा रविवार गेला.

२९ जून. वाचन

आज हाताला गोंद नाही. दुरुस्त केलेलं प्रत्येक पुस्तक कपाटात जाण्याआधी मी वाचतो, आणि कामाला उशीर होण्याचं खरं कारण हेच आहे. ब्रश धुवायला उठायचं आणि खुर्चीत बसून चाळीस पानं उरकायची.

एवढ्या कादंबऱ्या ओळीने वाचल्यावर माझी खात्री झाली आहे की प्रेमकादंबरी बरी की वाईट हे नायक-नायिकेवर ठरत नाही, त्यांच्यामधल्या अडसरावर ठरतं. दोघं पहिल्या पंचवीस पानांत एकमेकांना आवडलेली असतातच. उरलेली दीडशे पानं त्यांना वेगळं ठेवायचं कसं, हे लेखकाचं काम. साठ-सत्तरच्या दशकातल्या मराठी लेखकाचं सुख म्हणजे टपाल. पत्र चुकीच्या हातात पडायचं, ट्रंक कॉल लागेपर्यंत गाडी सुटायची, बदलीची ऑर्डर तार बनून यायची. एका कादंबरीत नायिका पर्वतीच्या पायऱ्यांवर थांबते आणि नायकाला निरोप मिळतो तो दुसऱ्या दिवशीचा. मी ते वाचताना मोठ्याने "अरे!" म्हणालो. आज तिने फोन केला असता आणि कादंबरी सदतिसाव्या पानावर संपली असती.

मोबाइलने हे सगळे अडसर मारले. म्हणून आत्ताच्या लेखिका दुसरीकडे वळल्या आहेत. फोनवर क्रमशः येणाऱ्या मराठी कथांमध्ये सध्या कराराचं लग्न जोरात आहे: दोघं काही कारणाने लग्न करतात, वर्षभरात मोडायचं असं ठरवतात, आणि मग एका घरात राहून एकमेकांचा चहा कसा लागतो ते शिकतात. सुरुवातीला मी हसलो होतो. पण ठरवून झालेल्या लग्नानंतर हळूहळू जमत जाणारं प्रेम ही आपल्या घराघरातली गोष्ट, तिला कराराचा कोट घातला की ती पुन्हा नवी दिसते.

इंग्रजीतल्या रीजन्सी कादंबऱ्यांचाही मी चाहता झालोय. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारी म्हणून मुलाने राज्य चालवलं, तो रीजन्सीचा काळ, १८११ ते १८२० एवढाच, पण त्यातल्या नाचाच्या दिवाणखान्यांना अंत नाही. खऱ्या ड्यूकांची, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या सरदारांची, संख्या तेव्हा फार तर दोन-तीन डझन असेल. माझ्या एकट्याच्या कपाटात त्याहून जास्त आहेत, सगळे देखणे, सगळे तिशीच्या आसपास आणि सगळे दुखावलेले. तिथला अडसर म्हणजे लोक काय म्हणतील. हातमोजा न घालता हात धरला तरी बोभाटा. हे पुण्यातल्या वाचकाला समजवावं लागत नाही.

६ जुलै. कपाट उघडलं

आषाढी एकादशीला मुहूर्त केला. सुट्टी होती, आणि साबुदाणा खाऊन लोक निवांत होते. वही ठेवली: नाव, फ्लॅट नंबर, तारीख. कप्पे लेखकांच्या आडनावाप्रमाणे लावले. संध्याकाळपर्यंत कळलं की आडनावाने कुणी शोधतच नाही. "ते हॉस्पिटलमधलं आहे का?" "कोकणातली एखादी द्या." "लग्नानंतरची हवी, कॉलेजातली नको." आणि सगळ्यात जास्त वेळा: "शेवट गोड आहे ना?"

१२ जुलै. ठिपके

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पुस्तक परत द्यायला आल्या आणि कपाटासमोर उभ्या राहूनच बोलल्या. "दोनशे पानं तिने वाट पाहिली, आणि शेवटी तो लहान भावाच्या शिक्षणासाठी दुसरीशी लग्न करतो? हे मला आधी सांगायला नको?"

अमेरिकेतल्या प्रणयलेखकांच्या संघटनेने, तिची स्थापना १९८० ची, रोमान्सची व्याख्या करताना दोनच अटी ठेवल्या: गोष्टीच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. ही फूटपट्टी लावली तर आमच्या कपाटातल्या कितीतरी मराठी कादंबऱ्या रोमान्समध्ये बसणारच नाहीत. आपल्याकडे प्रेम खरं असल्याचा पुरावा म्हणजे त्याग. ती दुसऱ्याच्या संसारात जाते, तो आश्रमशाळा काढतो, शेवटच्या पानावर दोघं स्टेशनवर भेटतात आणि गाडी सुटते. शाळेत फडके-खांडेकर वाद घोकला होता, कलेसाठी कला की जीवनासाठी कला. कपाटापुढे उभं राहिल्यावर तो वाद गोड शेवट की त्याग एवढ्यावर येतो. ढोबळ बोलतोय, अपवाद दोघांकडेही सापडतील.

मला स्वतःला त्यागवाल्या आवडतात. पण दिवसभर सासूचं पथ्यपाणी सांभाळून रात्री अकराला दिवा लावणाऱ्या बाईला स्टेशनवर नेऊन सोडणं हा अन्याय आहे, हे काकूंचं म्हणणं मान्य करावं लागलं. म्हणून पाठीवर ठिपके. लाल म्हणजे जमतं, निळा म्हणजे जमत नाही, पिवळा म्हणजे वाचून ठरवा.

ठिपक्यांना काय वापरायचं यात वेळ गेला. स्टेशनरीतले गोल स्टिकर दमट हवेत कडेने सुटले. बायकोने टिकल्यांचं पाकीट दिलं, त्याही तशाच गळाल्या, आणि एक माझ्या शर्टाला चिकटून ऑफिसात गेली. पोस्टर कलर बोटाला लागतो. शेवटी नेलपॉलिश. एक थेंब, पाच मिनिटांत वाळतो, पुसला जात नाही आणि प्लास्टिकच्या कव्हरवरही बसतो. निळ्या रंगाचं नेलपॉलिश लक्ष्मी रोडला मिळालं. दुकानदाराने "मॅडमना कुठली शेड हवीय?" विचारलं, मी पुस्तकाच्या पाठीचा नमुना पुढे केला.

आजोबा मंडळींनी हरकत घेतली की शेवट कळला तर वाचायचं कशाला. गेल्या आठवड्यात वहीत लाल ठिपक्यांच्या नोंदी भराभर वाढल्या, हे त्यांना दाखवलं. त्यांचा पिवळ्यांचा कप्पा त्यांना वेगळा करून दिला.

२० जुलै. हरकत

मुखपृष्ठांवरून कमिटीत विषय निघाला. लहान मुलं क्लब हाऊसमध्ये टेबल टेनिस खेळायला येतात, आणि तिथे उघड्या छातीचे ड्यूक.

असल्या तक्रारी पुस्तकांना नव्या नाहीत. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ मध्ये 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे १९६९ मध्ये लेखक निर्दोष सुटले. मी हे बैठकीत सांगितलं. चेअरमन म्हणाले, आपल्याकडे सात वर्षं नाहीत, पुढच्या रविवारच्या आत करा.

खाकी कव्हरं घातली. कागद, कात्री, दोन संध्याकाळी, आणि परिणाम असा की ठिपके झाकले गेले, नावं दिसेनात, आणि माणसं प्रत्येक पुस्तक उघडून बघायला लागल्यामुळे कपाटापुढे रांग. मुलांनाही आधी नव्हतं ते कुतूहल वाटू लागलं. कव्हरं काढली. त्याऐवजी इंग्रजी पुस्तकं वरच्या दोन कप्प्यांत, पाठ बाहेर करून, घट्ट लावली. पाठीवर ड्यूक मावत नाही. हरकत मिटली.

३ ऑगस्ट. शेवटचा फर्मा

एका जुन्या कादंबरीचा शेवटचा फर्माच नाही. सोळा पानं गायब, तुटल्याची खूण नाही, म्हणजे पूर्वीच कुणीतरी बांधताना घालायला विसरलं. घेताना मी शेवटचं पान पाहिलं होतं, ते मागचं जाहिरातीचं पान निघालं. आत चिठ्ठी लावली, "शेवटची सोळा पानं नाहीत", तरी एका मुलीने नेली आणि मध्यरात्री मला मेसेज केला, "चिठ्ठी आतल्या बाजूला कोण लावतं?"

पुस्तकाचं नाव प्रत्येक डाव्या पानाच्या डोक्यावर छापलेलं होतं, त्यामुळे शोधता आलं. शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात प्रत निघाली. झेरॉक्सला नाही म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं, ती पाठ यंत्रावर दाबली असती तर मोडलीच असती. तिथेच बसून सोळा पानं वाचली. घरी येऊन त्यांचा सारांश स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिहिला आणि ते पान खळीने शेवटी जोडलं. नायिका मुंबईची नोकरी सोडत नाही, तोच बदली मागून येतो. त्या काळच्या कादंबरीत हे वाचून मी चकित झालो. पिवळा ठिपका होता, त्यावर लाल चढवला.

यापुढे घेताना पानांचे आकडे शेवटपर्यंत चाळायचे, नुसतं शेवटचं पान बघायचं नाही.

२४ ऑगस्ट. हलवाहलव

बुधवारी गणपती बसतात. क्लब हाऊस मंडळाला हवं, कपाटाच्या जागी मखर येणार. दोन दिवस आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण असो. कपाट जिन्याखाली नेलं. खाली विटा ठेवल्या, कारण फरशी धुतली की पाणी तिकडेच वळतं. मागच्या भिंतीपासून चार बोटं अंतर सोडलं, भिंतीला ओल आहे. खालचा कप्पा रिकामाच ठेवलाय.

किल्ली सेक्रेटरींकडे होती तेव्हा लोक संकोचाने मागत नसत. आता ती वॉचमनकडे आहे. त्यांनी परवा विचारलं की लाल ठिपक्याची मराठीतली, फार जाड नसलेली कुठली घ्यावी, रात्रपाळीला वाचायला. पर्वतीच्या पायऱ्यांवाली दिली. वहीत फ्लॅट नंबरच्या रकान्यात त्यांनी "गेट" लिहिलं आहे.